लोरेतचा पलीकडचा नवरा

"माझं लग्न झालंय की नाही, एवढं तरी मला कुणीतरी एकदा छातीठोकपणे सांगून टाका," असं लोरेत डेगल एकदा म्हणाली होती. म्हणाली कसली, ओरडलीच. बर्तीलच्या पार्लरमध्ये ती खुर्चीत बसली होती. केसांना रंग फासलेला, गळ्याभोवती प्लास्टिकचं कापड आणि तोंड मागच्या खोलीच्या उघड्या दाराकडे. त्या मागच्या खोलीत बर्तीलचा नवरा क्लोव्हिस लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतो. मधलं दार हिवाळाभर उघडंच असतं, कारण हीटर एकच. त्यामुळे मदावास्का या आमच्या सरहद्दीवरच्या नदीकाठच्या गावातल्या निम्म्या घरांची मिळकत ड्रायरच्या घरघरीतून सगळ्यांच्या कानावर पडते, आणि ती ऐकूनही न ऐकल्यासारखं करायला आम्ही सगळेच शिकलेलो आहोत.

क्लोव्हिस लोरेतचा मावसभाऊ. त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "चर्चच्या मते झालंय. पलीकडच्या सरकारच्या मते झालंय. आपल्या सरकारच्या मतेही झालंय. फक्त टॅक्सपुरतं झालेलं नाही."

"टॅक्सपुरतं म्हणजे काय रे बाबा?"

"नवरा परदेशी. आई तुझ्या घरात, तिचा खर्च तुझ्या अंगावर. अशा बाईला सरकार अविवाहित धरतं आणि कुटुंबप्रमुख म्हणतं. तुझ्या फायद्याचंच आहे ते. फायद्यावर कोण ओरडतं, लोरेत?"

"मी ओरडते," लोरेत म्हणाली.

परदेशी हा शब्द तिला झोंबायचा. हा परदेशी माणूस तिला स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभं राहिलं की दिसायचा. म्हणजे त्याच्या चिमणीचा धूर दिसायचा. मध्ये नदी, नदीवर पूल, पुलाच्या दोन टोकांना दोन देशांचे शिपाई, आणि त्यातला एक शाळेत तिच्याच बाकावर बसलेला. नॉर्बेर बॉसे तिच्यासारखंच फ्रेंच बोलतो, तिच्याच शिव्या देतो, आणि त्याची आजी लोरेतच्या गल्लीत जन्मलेली. फरक इतकाच की पलीकडे घड्याळ एक तास पुढे असतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रविवारचं जेवण या एका तासात सापडायचं. नॉर्बेर स्वतःच्या घड्याळानं भुकेला होऊन यायचा, लोरेतचं पातेलं तिच्या घड्याळानं शिजत असायचं. दोघंही बरोबर, आणि दोघंही चिडलेले.

लग्न झालं तेव्हा दोघांच्याही केसांत पांढरं आलेलं होतं. नॉर्बेर भावाबरोबर बापाच्या घरात राहायचा आणि बापानं ठेवलेल्या मेपलच्या झाडांचा रस काढून त्याचा पाक करून विकायचा. लग्नानंतर लोरेतनं पलीकडे जायचं असं ठरलं होतं. पण तिची आई म्हणाली, "नदी ओलांडायला मी काही मासा नाही." म्हातारी हलेना, म्हणून लोरेतही हलली नाही. मग शनिवारी संध्याकाळी ती पलीकडे जायची आणि रविवारी दुपारी तो अलीकडे जेवायला यायचा. आमच्याकडे असे दोन काठांवरचे संसार पुष्कळ आहेत. कुणी त्यावर भुवई उंचावत नाही.

पहिल्या वर्षी क्लोव्हिसनं दोघांचा रिटर्न एकत्र भरला. परदेशी नवऱ्यालाही इथलाच धरा, असं दोघांनी मिळून लिहून दिलं की तसं करता येतं. नॉर्बेरनं लग्नाच्या उत्साहात सही ठोकली. दुसऱ्या वर्षी त्याला कळलं की इथलाच धरलं म्हणजे सगळीच मिळकत इथं दाखवायची. गावच्या पतपेढीतलं खातंही सांगायचं, भावाबरोबरचं पाकाचं खातंही.

"माझ्या झाडांनी वॉशिंग्टनचं काय घोडं मारलंय?" नॉर्बेर म्हणाला, आणि हेच वाक्य हिवाळा संपेपर्यंत म्हणत राहिला. जेवताना म्हणाला, गाडी ढकलताना म्हणाला, प्रार्थनेहून परतताना पायरीवर म्हणाला. लोरेतच्या डोक्याचा भुगा झाला. शेवटी क्लोव्हिस म्हणाला, "मग मागे घे. दोन ओळी लिहून द्यायच्या, झालं." त्याच सुमाराला लोरेतच्या आईला झटका आला होता आणि ती कायमची लोरेतच्या घरात येऊन पडली होती. लोरेत तिच्यासाठी बटाटे कुस्करत होती. तिनं मान न वळवता सांगितलं, "घे बाबा मागे, पण गप्प बस." नॉर्बेरनं लिहून दिलं. क्लोव्हिसनं पाठवून दिलं. वर म्हणाला की आता आई घरात आहे म्हणजे लोरेत कुटुंबप्रमुख म्हणून भरू शकते, हे तर आणखीनच बरं. त्या दिवशी तिघंही खूश होते.

आपण एक दार लावून घेतोय, असं तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. यायचं कसं? आमच्याकडे सगळंच जातं आणि येतं. पेट्रोल भरायला तिकडची माणसं इकडे येतात, दात काढायला इकडची तिकडे जातात. सुना जातात, जावई येतात, भांडून गेलेले बुधवारी परततात. गेलेल्याला परत येता येईल का, हा प्रश्न पुलाजवळ वाढलेल्या माणसाला सुचतच नाही.

आई मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात वारली. ज्या वर्षी माणूस जातं ते वर्ष टॅक्सवाले पूर्ण धरतात, एवढी दया ते दाखवतात. त्यामुळे घोडं अडलं ते या वर्षी.

फेब्रुवारीत क्लोव्हिसनं सांगितलं, "कुटुंबप्रमुख आता नाही जमणार. आई नाही. तुझ्या अंगावर दुसरं कुणी नाही."

"नवरा आहे."

"परदेशी नवरा त्यात धरत नाहीत."

"म्हणजे आई मेली आणि मी पुन्हा विवाहित झाले?"

"तसंच म्हण. आता दोनच वाटा. विवाहित, पण वेगळी. नाहीतर विवाहित आणि एकत्र. वेगळी भरलीस तर तुझ्या दवाखान्याच्या विम्यात सरकार जी भर घालतं ती बंद. वर गेल्या वर्षी घातलेली परत करायची."

विम्याचं असं होतं. आईसाठी लोरेतनं शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी अर्ध्या दिवसावर आणली होती, आणि अर्ध्या दिवसाच्या माणसाला शाळा विमा देत नाही. तो ती स्वतः घेत होती, सरकारच्या मदतीनं. जूनमध्ये तिचा उजवा गुडघा बदलायचा ठरला होता. जिना चढताना ती हल्ली आधी एक शिवी वर टाकायची आणि मग पाय.

"मग एकत्र भर ना," ती म्हणाली.

"मी भरीन. त्याला तयार कर."

गुडघा हे निमित्त होतं, हे तिचं तिलाही कळत होतं. आई गेल्यापासून घर असं झालं होतं की फ्रिज बंद पडला तरी सोबत गेल्यासारखं वाटे. तिला कुठंतरी, एका तरी ठिकाणी, त्याचं नाव आपल्या नावाशेजारी हवं होतं. घर वेगळं, बँक वेगळी, घड्याळ वेगळं. कबरीची जागासुद्धा त्यानं पलीकडे बापाशेजारी धरून ठेवलेली. आई गेल्यावर तरी तो "चल आता तिकडे" म्हणेल, असं तिला वाटलं होतं. ती वाट पाहत राहिली. तो रविवारी येत राहिला, जेवत राहिला.

पहिल्या रविवारी तिनं विषय काढला. नॉर्बेर धिरड्यावर डुकराच्या मांसाची चटणी पसरत होता.

"पुन्हा तेच? आणि माझा तो जुना टॅक्सचा नंबर?"

"तो बाद झालाय. नवा काढायचा. पासपोर्ट पाठवावा लागेल."

"पासपोर्ट पाठवला तर पुलावर काय दाखवू? थोबाड?"

"गेली तीस वर्षं ते तुझं थोबाडच बघतायत."

"हल्ली नवीन पोरं आलीयत. ती हसत नाहीत."

दुसऱ्या रविवारी म्हणाला, भावाला विचारावं लागेल. तिसऱ्या रविवारी म्हणाला, भावाला विचारलं, पण भाऊ काही बोलला नाही. चौथ्या रविवारी तो आलाच नाही. रस सुटला होता. दिवसा बर्फ वितळायला लागलं आणि रात्री पुन्हा गोठायला लागलं की मेपलचा रस सुटतो. मग त्या दोन-चार आठवड्यांत मेपलवाल्या माणसाला आई, बायको, देव कुणी नसतं. आणि टॅक्सची मुदतही नेमकी त्याच आठवड्यांत. हे ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं मेपलवाल्याशी लग्न केलेलं नसणार.

लोरेतनं शाळेतून सुटल्यावर गाडी काढली आणि तशीच पूल ओलांडून रानात गेली. पाक आटवायच्या खोपटातून वाफ बाहेर पडत होती. आत नॉर्बेर मोठ्या कढईपाशी उभा होता, बाह्या सरसावलेल्या, चेहरा लाल.

"रस सुटलाय, लोरेत. सध्या मी झाडांचं ऐकतो."

"कधीतरी माझंही ऐक. पंधरा एप्रिल झाडांसाठी थांबत नाही."

"मुदतवाढ मिळते म्हणे."

"मला मुदतवाढ नको. मला नवरा हवाय."

"मग इथं हा वाफेत कोण उभाय? पुतळा?"

"टॅक्सपुरता पुतळाच."

तो हसला. ती हसली नाही. लाकडांच्या ढिगावर बसली, दुखरा पाय पुढे सोडला आणि बसूनच राहिली. त्यानं जाळ सारखा केला, फेस काढला, दोनदा तिच्याकडे पाहिलं. मग दारातल्या स्वच्छ बर्फावर गरम पाकाची धार सोडली, ती काडीला गुंडाळली आणि तिच्यापुढे धरली. लग्नाआधीपासून दर वर्षी तो तिला पहिला पाक असा द्यायचा. तिनं हात पुढे केला नाही.

"अगं, घे ना."

"पैशाचं नाहीये ते, नॉर्बेर. गुडघ्याचंही नाही. आई होती तेव्हा चाललं. घरात एक माणूस होतं आणि मी त्याची प्रमुख होते. आता मी कुणाची प्रमुख? भांड्यांची?"

काडीवरचा पाक खाली लोंबायला लागला. नॉर्बेर तशीच काडी धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते वाफेमुळे तिला नीट दिसलं नाही, आणि नंतर तिनं त्यावर खूप विचार केला.

"कळ्या फुटल्या की रस बिघडतो," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा कढई उतरेल. त्या आठवड्यात येतो. सगळं घेऊन येतो."

"पतपेढीचंही?"

"पतपेढीचंही. झाडं मोजायची असली तर तीही मोजू देतो. आता घे हे, थिजलं बघ."

तिनं घेतलं. दाताला चिकटलं तरी गोड लागलं.

आणि तो आला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, मयताला जाताना घालतात तो काळा कोट घालून, दाढी करून. पाकाच्या डब्यांच्या खोक्यात त्यानं सगळे कागद भरून आणले होते. बारा वाजता ये म्हटलं होतं, तर तो तिच्या बारा वाजता आला. लोरेत पार्लरच्या दारात उभी होती. त्याला खोकं छातीशी धरून चिखलातून येताना पाहिलं आणि ती पुढे झाली. तिनं त्याच्या कोटाची कॉलर उगाचच सारखी केली.

"आलास बाई एकदाचा," बर्तील कात्री न थांबवता म्हणाली. "लोरेत, दृष्ट काढ गं याची."

मागच्या खोलीत क्लोव्हिसनं खोकं रिकामं केलं, चष्मा पुसला, आकडे भरले. सगळं जमत होतं. एकत्र भरल्यावर विमाही टिकत होता. शेवटी दोघांनी लिहून द्यायचा मजकूर नेमका कसा असतो ते बघायला त्यानं सरकारी पान उघडलं. वाचता वाचता त्याचे ओठ हलायचे थांबले.

"पहिल्या वर्षी आपण एकत्रच भरलं होतं, नाही का?"

"हो."

"आणि मग यानं मागे घेतलं."

"तूच पाठवून दिलंस की," नॉर्बेर म्हणाला.

क्लोव्हिसनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, मग मोठ्यानं सांगितलं. नवऱ्याला इथला धरा असं एकदा लिहून दिलं आणि मागे घेतलं, की त्या जोडप्याला ते पुन्हा मागता येत नाही.

"कधीपर्यंत?" लोरेतनं विचारलं.

"कधीच."

"पुढच्या वर्षी?"

"कधीच म्हणजे कधीच, लोरेत."

"अरे, पण मी सही करतोय ना!" नॉर्बेर खुर्चीतून अर्धा उठला. "सांग त्यांना. सगळी खाती देतो म्हणावं. मी स्वतः आलोय इथं, कोट घालून!"

"त्यांना तू आता नकोयस."

"बिशपसुद्धा इतका ताठ नसतो," पार्लरमधून बर्तीलचा आवाज आला.

लोरेतनं क्लोव्हिसकडे पाहिलं. "तू तेव्हाच का नाही वाचलंस हे?"

"तेव्हा तुम्हा दोघांना बाहेर पडायचं होतं. बाहेर पडण्यापुरतं वाचलं. परत आत यायचंय असं कुणी म्हणालं होतं का?"

तिला त्याचा राग आला, पण तो राग टेकायला कुठं जागाच नव्हती. क्लोव्हिस बरोबर होता. सरकार आपल्या जागी बरोबर होतं. नॉर्बेरसुद्धा आज बरोबर होता. गेली कित्येक वर्षं तिच्याभोवतीची सगळी माणसं बरोबर होती, आणि त्या बरोबर माणसांच्या मधोमध ती वेड्यासारखी उभी होती.

"एक रस्ता आहे," क्लोव्हिस म्हणाला. "नॉर्बेर इकडे राहायला आला तर. इथं राहायच्या परवान्याचं कार्ड काढून, कायमचा. मग लिहून द्यायचा प्रश्नच उरत नाही, तो इथलाच होतो. या वर्षी नाही, पण पुढे एकत्र भरता येईल."

सगळे नॉर्बेरकडे बघायला लागले. नॉर्बेर खोक्याकडे बघत होता.

"झाडं कोण बघणार?"

"झाडं पुलाच्या पलीकडे आहेत, चंद्रावर नाहीत," लोरेत म्हणाली. "लोक रोज जातात कामाला."

"रस सुटला की मला तिथंच लागतं. तुला ठाऊक आहे."

हे तो ओरडून म्हणाला असता तर तिलाही ओरडता आलं असतं. तो हळूच म्हणाला.

"मग तूच जा ना पलीकडे," बर्तील आता दारात येऊन उभी होती, हातात कंगवा. "आई गेली, आता तुला कोण अडवतंय? तिकडे दवाखानाही फुकट."

"टॅक्सला काही फरक पडणार नाही," क्लोव्हिस म्हणाला. "ती कुठंही गेली तरी इथलीच. तिला हे सोडत नाहीत."

"तुझा टॅक्स घाल चुलीत! मी हिला विचारतेय."

लोरेत नॉर्बेरकडे बघत म्हणाली, "मला कुणी बोलावलंय का?"

नॉर्बेरनं कोटाचं वरचं बटण काढलं. "तसं नाही गं. घरात भाऊ आहे. मागच्या खोलीत डबे भरलेत. तुझं सामान... बघू की. लावू काहीतरी."

"बघू," लोरेत म्हणाली.

ड्रायर कुणीतरी बंद केला होता. क्लोव्हिसनं घसा साफ केला. शांतता त्याला सहन होत नाही. शांततेत तो नेहमी नियम सांगतो.

"मग उरला एकच. कर म्हणत नाही मी, आहे म्हणून सांगतो. कागदावर घटस्फोट. गेल्या वर्षीचं परत करावंच लागेल, पण पुढे तू एकटी म्हणून भरशील आणि विम्याची मदत पुन्हा लागू होईल. गुडघा थोडा पुढे ढकलायचा. करतात लोक."

"क्लोव्हिस!" बर्तील म्हणाली.

नॉर्बेरनं हनुवटी खाजवली. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. पुलावरच्या शिपायानं पासपोर्ट न उघडताच जा म्हणून हात केला की माणसाचे खांदे असेच उतरतात. लोरेतला ते दिसलं. या वेळी मध्ये वाफ नव्हती.

"तसं असेल तर ते चालेल की," तो म्हणाला. "कागदच तर आहे. शनिवारी तू येशील, रविवारी मी येईन. काय बदलणार आहे? आणि तुझा गुडघाही होईल."

तो मनापासून बोलत होता. तिच्या नावाशेजारी सही करायला त्याला अख्खा हिवाळा लागला होता. हे मात्र हनुवटी खाजवता खाजवता जमलं. वर तो तिच्याकडे इतक्या मायेनं बघत होता, जणू एवढ्या खटपटीनंतर तिच्यासाठी शेवटी काहीतरी चांगलं सापडलं होतं त्याला.

"काय गं? बरोबर ना?"

लोरेत टेबलावर हात टेकून उठली. खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली. बर्तील कंगव्यासकट दारातून बाजूला झाली. खुर्च्यांमधून, जमिनीवरच्या कापलेल्या केसांवरून लोरेत हळूहळू बाहेरच्या दारापर्यंत गेली. मागून नॉर्बेर म्हणाला, "लोरेत? अगं, जेवायचं काय?" तिनं दार उघडलं आणि ती बाहेर पडली.